चेहरा बघून धरलेला नेम

आमच्या मास्तरांचं एक वागणं मला एकोणीस वर्षं खटकत आलं आहे. मेजावर माणूस झोपवलेला असतो, मी ठोके द्यायला लागते, माणूस कण्हतो, आणि हे गृहस्थ समाधानाने मान डोलावतात. वर म्हणतात, "दुखतंय ना? दुखू द्या. दुखतंय म्हणजे खड्यावर बसतंय." असं म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. समोर एवढा मोठा पडदा लावून दिलाय, त्यात पोटातलं चालू चित्र दिसतं, पण तिकडे यांची पाठ. दुसऱ्याचं तोंड वाकडं झालं की आपलं काम सरळ चाललंय, असं यांनी ठरवूनच टाकलेलं.

मित्रांनो, मी कोण ते आधी सांगायला हवं होतं. पण राग आधी आला, ओळख मागून येते आहे. माणसाच्या मूत्रपिंडात जे मुतखडे होतात, ते बाहेरून ठोके देऊन फोडणारी मशीन मी. वय झालं आता. रंग मूळचा पांढरा, तो जुन्या दातासारखा झालाय. शिक्षणाच्या नावाने शून्य. नव्या मशिनी आपल्या आपण नेम धरतात, आपल्या आपण अहवाल लिहितात. मला अक्षर येत नाही. मला एक ते तीन हजार एवढे आकडे येतात, आणि ठोका येतो. पण ठोका मला जेवढा कळतो तेवढा त्यांच्यातल्या एकीलाही कळत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगेन.

माझा जन्म एका कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली झाला. माझ्या पोटात धातूचा एक खोल वाडगा आहे. तो एका म्हाताऱ्या कारागिराने बावीस दिवस घासला. घासून झाला की तो आत दिवा धरायचा, उजेड एका ठिपक्यावर गोळा होतो का ते बघायचा, आणि नाही म्हणून मान हलवून पुन्हा घासायला बसायचा. बाकीचे त्याची थट्टा करायचे. "काका, मशीन करताय का आरसा?" तो मान वर न करता म्हणायचा, "आरशात तोंड वाकडं दिसलं तर माणूस हसतो. हे वाकडं झालं तर माणूस रडेल." तेविसाव्या दिवशी त्याने मान न हलवता वाडगा कोरड्या फडक्याने पुसला आणि घरी गेला. माझ्या आईबापाबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि तेवढं मला पुरतं.

त्या वाडग्याच्या तळाशी, पाण्यात, ठिणगी पडते. ठिणगीने पाण्यात धक्का उठतो, तो वाडग्याच्या भिंतींवर आपटतो आणि सगळीकडून एकाच जागी धावतो. वाटेत कातडी असते, मांस असतं. त्यातून तो पसरून, हलका होऊन जातो, आणि शेवटी हरभऱ्याएवढ्या एका जागेवर एकवटतो. त्या जागी खडा असला तर खडा फुटतो. नसला तर तिथे जे काही असेल त्याला मार बसतो. माझं सगळं ज्ञान यात आलं.

मी या खोलीत आले तेव्हा दाराला फीत बांधली होती आणि ती कापायला मोठी माणसं आली होती. पोट न फाडता खडा निघतो हे तेव्हा लोकांना खरं वाटत नसे. लांबून लांबून माणसं यायची. दिवसाला पाच, कधी सहा. एक बाई घरी जाताना माझ्या पाण्याच्या उशीवर हात फिरवून गेली, जसा लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. ती उशी म्हणजे माझा तळहात. तीच माणसाच्या पाठीला टेकते आणि तिच्यातूनच माझा ठोका आत जातो.

मास्तर आले ते मी चार वर्षांची असताना. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. झोपलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं दटावतात म्हणून मास्तर. हलू नका, श्वास मोठा घेऊ नका, हात खाली. तक्रार केली म्हणून गुण झाकणार नाही. माझी उशी त्यांच्याशिवाय कुणी पुसलेली मला चालत नाही. ठिणगीची टोकं झिजली की माझा आवाज किंचित बसतो, ते शेजारच्या खोलीतून त्यांच्या कानाला कळतं. आणि चेहरा वाचायची ही खोड त्यांना उगीच लागलेली नाही. तेव्हा माझ्याकडे एक्स-रेचं जुनं चित्र होतं, धुक्यातल्या दिव्यासारखं. खडा कुठला आणि हाड कुठलं, नीट कळत नसे. मग मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघून नेम धरायला शिकले. त्या वेळी ती हुशारी होती. पुढे मला सोनोग्राफीचा डोळा बसवला, चित्र लख्ख झालं, खडा तांदळाएवढा असला तरी दिसू लागला. डोळा आला तरी मास्तर होते तिथेच राहिले.

त्यांना कधी समजलं नाही, पण मला रोज समजत होतं. ज्याला दुखतं तो अंग चोरतो. श्वास मोठे होतात, आणि श्वासाबरोबर मूत्रपिंड दोन बोटं वर-खाली होतं. खडा त्याच्यासोबत झोके घेतो. मी आपली ठरल्या जागी ठोके देत राहते, आणि त्यातले निम्मे खडा नसलेल्या जागी पडतात. खडा राहतो, माणूस सुजतो, आणि नाव माझं खराब होतं. "मशीन म्हातारी झाली," असं म्हणायला लागले. शेजारच्या खोलीत लेझरची दुर्बीण आली. माणसाला पूर्ण झोपवून ती आत शिरते आणि खडा जागीच जाळते. गर्दी तिकडे वळली. माझ्या वाट्याला आठवड्यातला एक बुधवार उरला. बाकीचे सहा दिवस माझ्या मेजावर धुतलेल्या चादरींच्या घड्या. मित्रांनो, जिने हजारो खडे फोडले तिच्या अंगावर चादरी रचाव्यात, याचं दुःख कुणाला सांगायचं? चादरींना सांगत होते.

अशातच क्रेनवाला आला.

बंदरावर डब्यांसारखे अजस्र कंटेनर उचलणारी जी उंच क्रेन असते, तिच्या टोकाला काचेची एक खोली असते. त्यात हा बावीस वर्षं एकटा बसत होता. एके दुपारी कंटेनर हवेत लटकत असताना याच्या डाव्या कुशीत कळ आली. घामाने हात निसटत होते, तरी त्याने दांडा सोडला नाही. माल खाली टेकवला आणि मगच ओरडला. मालकांनी पाठ थोपटली आणि सांगितलं, खडा निघाल्याचा डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. तोवर त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या बघायला. त्या महिन्याच्या शेवटापर्यंत कागद आला नाही तर क्रेनवर दुसरा माणूस कायमचा बसणार होता.

पूर्ण झोपवून दुर्बीण घालायची तर याची फुप्फुसं कच्ची. म्हणून तो माझ्याकडे. पहिल्या वेळी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर श्वास इतका मंदावला की सगळं सोडून त्याला हलवून जागं करावं लागलं. दुसऱ्या वेळी साध्या इंजेक्शनवर भागवलं. डोळे गच्च मिटून, ओठ चावून तो पडून राहिला, आणि पंधराशेव्या ठोक्याला मेजावरून उठून बसला. क्रेनवर कळ सोसलेला माणूस तो, रडायचा नाही, पण खाली मान घालून म्हणाला, "नाही जमत." मास्तर म्हणाले, "थोडं सोसलं असतं तर झालं असतं." मला तेव्हा वाचा असती तर मास्तरांची धडगत नव्हती.

तिसरा बुधवार महिन्याचा शेवटचा होता. त्याच्यासोबत त्याची बायको आली होती. मेजापाशी तो घुटमळला, तशी ती म्हणाली, "अहो, ढगात जाऊन एकटे बसता, आणि कमरेएवढ्या मेजावर चढायला एवढा विचार?"

"वर मला कुणी मारत नाही."

"मी खाली असते म्हणून."

खोलीत एक नवी बाई उभी होती. भूल देणारी डॉक्टर. वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. बायकोने तिला गाठलं. "डॉक्टर, यांना झोपवणार नाही ना? मागे श्वास घ्यायचाच विसरले होते."

"नाही काकू. ते जागेच राहतील. पाठीपासून कुशीपर्यंतचा एवढा पट्टा फक्त बधिर करायचा."

"तोंड त्यात येत नाही का? फाटकावर बसायला लागल्यापासून घरी येऊन माझ्या प्रत्येक कामात चुका काढतात."

"तोंडापर्यंत औषध जात नाही," डॉक्टर म्हणाली. ती हसली तेव्हा कळलं की हिला हसताही येतं. बायकोला तिने बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग तिने जे केलं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याला कुशीवर वळवलं आणि सोनोग्राफीचा छोटा ठोकळा पाठीवर ठेवला. पडद्यावर स्नायू एकावर एक रचलेल्या चादरींसारखे दिसले. कण्याच्या बाजूला, दोन थरांच्या मधोमध, तिने लांब सुई सावकाश नेली. सुईचं टोक तिला सारखं दिसत होतं. मग औषध सोडलं. मिटलेली फट उघडून काळी रेघ रुंद होत गेली. कण्यातून निघून कुशीकडे जाणाऱ्या नसा त्याच फटीजवळून जातात. दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या त्याच. औषध त्यांच्यापर्यंत पोहोचलं की बातमी वाटेतच थांबते, आणि माणूस जागच्या जागी जागा राहतो.

औषध भिनेपर्यंत वीस मिनिटं ती नुसती बसली. मास्तरांची चुळबुळ चालली होती. मग तिने स्पिरिटचा बोळा त्याच्या कुशीवर फिरवला. "गार लागतंय?"

"काहीतरी फिरतंय. गार नाही."

"आणि इथे, खाली, कमरेच्या हाडाजवळ?"

"तिथे गार लागतंय."

"ठीक. आपलं काम वर आहे."

मास्तरांनी अखेर तोंड उघडलं. "मॅडम, तुमच्या विद्येबद्दल मला आदर आहे. पण माणूस बधिर केलात, आता मला कसं कळणार लागतंय की नाही?"

"तुमच्यासमोर पडदा आहे ना, मास्तर."

"पडदा फसवतो. चेहरा फसवत नाही."

 ती क्रेनवाल्याच्या डोक्याशी जाऊन बसली, नाडीच्या आणि श्वासाच्या आकड्यांकडे तोंड करून. माझ्या पडद्याची मागची बाजू तिच्याकडे होती. मास्तरांनी पडद्यावरची फुली पांढऱ्या ठिपक्यावर आणली, तो खडा. आणि मी सुरुवात केली.

मित्रांनो, त्या हजार ठोक्यांबद्दल काय सांगू? श्वास झोपलेल्या लेकरासारखा एका लयीत. खडा जागेवरून हलत नव्हता. खड्यावर पडलेला ठोका मला कोरडा लागतो, नुसत्या मांसावर पडलेला ओला. सगळे कोरडे येत होते. एकोणीस वर्षांनी कुणीतरी मला नीट काम करू दिलं. डॉक्टरने विचारलं, "काय वाटतंय?" तो म्हणाला, "कुणीतरी दार वाजवतंय. पण दार शेजाऱ्यांचं आहे."

आणि इथेच मास्तरांचं बिनसलं. कण्हणं नाही. कपाळाला आठी नाही. तेराशे झाले तसा त्यांनी माझा जोर वाढवला. क्रेनवाला छताकडे बघत पडलेला. पडद्यावर फुली खड्यावरच होती, मास्तरांनी बघितलंही, पण यांना ते पटेना. हा गप्प म्हणजे ठोका वाया जातोय, हेच डोक्यात. पंधराशेला त्यांनी मेज बोटभर सरकवलं. मग आणखी बोटभर. तसा क्रेनवाल्याचा चेहरा आकसला, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळाने शांतता आली. औषध न पोहोचलेल्या जागी, कमरेच्या हाडाच्या कडेला माझे ठोके पडत होते. ओले. मला थांबता येत नव्हतं. बटण मास्तरांच्या हाती, आणि मोजणारा आकडा एक एक करत पुढे. तीन हजारांच्या पुढे एका मूत्रपिंडाला एका दिवशी एकही ठोका द्यायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे. मी सोळाशे मोजले, अठराशे मोजले, दोन हजार मोजले, बावीसशेला आले, आणि त्या माणसाची क्रेन माझ्याच हातून जात होती.

पण क्रेनवाला जागा होता. मागच्या दोन वेळा त्याचे डोळे गच्च मिटलेले, म्हणून पडदा असा त्याने आजच पाहिला होता. मान वळवून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, एक विचारू? ती फुली म्हणजे तुमचा हुक, आणि तो पांढरा ठिपका म्हणजे माल. बरोबर ना?"

"हं. बोलू नका."

"नाही बोलत. पण हुक मालावर नाही. आधी होता. तुम्ही मेज सरकवलंत तेव्हापासून बाजूला उतरतोय."

"तुम्हाला आता दुखतंय ना?"

"दुखतंय की. पण दुखतंय तिथे खडा नाही, माझं हाड आहे. मी वरून माल सोडतो तेव्हा खालचा माणूस ओरडला म्हणजे बरोबर बसला, असं धरत नाही, मास्तर. ओरडला म्हणजे थांबायचं असतं."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा हात बटणावरून उचलला गेला आणि मी थांबले. बाहेरच्या बाकावरून बायकोचा आवाज आला, "झालं का हो?"

डॉक्टर उठून पडद्यासमोर आली. "असे किती गेले?"

माझा आकडा एकूण ठोके दाखवतो. त्यातले वाया किती, हे फक्त मास्तर सांगू शकत होते. शंभर म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सातशे," ते म्हणाले. "पंधराशेपासून पुढचे सगळे. चूक माझी."

खड्यांच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे मास्तर अधिकच खाली बघू लागले. "आठशे उरले," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यात होईल ते होईल. एक जास्त नाही."

मास्तरांनी आपली खुर्ची फिरवली. माणसाकडे पाठ, पडद्याकडे तोंड. फुली ठिपक्यावर आणली. माझा वेग कमी केला, दोन ठोक्यांमध्ये एक श्वास घेता यावा एवढा. दर पन्नासाला थांबून बघायचे, केसभर हलवायचे, पुन्हा सुरू. भूल देणारी डॉक्टर हलक्या आवाजात श्वास मोजत होती आणि तो तसा श्वास घेत होता. माझी ठिणगीची टोकं त्या दिवशी झिजत आली होती. पण मीही एका म्हाताऱ्याने बावीस दिवस घासलेली आहे. सगळे ठोके कोरडे आले, एकूण एक.

दोन हजार सहाशेला ठिपक्याला चीर दिसली. दोन हजार नऊशेला ठिपका राहिलाच नाही, पीठ सांडावं तशी पांढरी धूळ पसरली. मास्तरांनी उरलेले शंभरही दिले, घाई न करता. तीन हजारला बटणावरून हात काढला.

धूळ बाहेर पडायला दहा दिवस लागतात. महिनाअखेर तर पाच दिवसांवर होती. मोठ्या डॉक्टरांनी बंदरावर चिठ्ठी पाठवली, की खडा फुटला आहे, थोडी कळ काढावी. मालकांनी पंधरा दिवस दिले.

दोन आठवड्यांनी, बुधवारीच, दोघं आले. बायकोच्या हातात छोटी बाटली, तळाशी वाळूसारखे कण. एक्स-रे स्वच्छ निघाला, कागदावर सही झाली. "परवापासून वर," तो म्हणाला. "सुटले बाई मी," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं. मग मास्तरांना विचारू लागली, "त्या दिवशी मध्येच मशीन बंद पडली होती ना? म्हातारी झाली म्हणतात."

"मशीनचं काही नव्हतं, वहिनी," मास्तर म्हणाले. " नेम मी चुकवला होता. यांनी दाखवला."

ती नवऱ्याकडे वळली. "मला नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं तर तू रोज इथे येऊन मास्तरांना नेम शिकवला असतास."

मित्रांनो, आता माझ्या मेजावर चादरी नाहीत. बुधवारच्या जोडीला शनिवार आला आहे. पण एवढं सांगितलं ते माझ्या कौतुकासाठी नाही. तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात कुणी दुखतंय म्हणालं तर सोस म्हणून सांगू नका. ते शब्द सांगणाऱ्याला फुकट पडतात. दुखणं थांबवता येतं का ते आधी बघा. थांबलं की माणूस डोळे उघडतो, आणि उघड्या डोळ्यांनी त्याला असं काही दिसतं जे तुम्हाला दिसलेलं नसतं.

आज सकाळी, पहिला माणूस यायच्या आधी, मास्तर नेहमीप्रमाणे माझ्याकडून दहा ठोके देववून बघत होते. खोलीत आम्ही दोघंच. खुर्ची पडद्याकडे तोंड करून होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाचा फुटली, आणि मी ठोक्याठोक्याने, खोलीभर ऐकू जाईल अशी बोलले: "मास्तर, हात तुमचा चांगला, कान चांगला, आणि सातशेचे शंभर केले नाहीत तेही मी विसरणार नाही. पण मान वळवून समोर बघायचे कष्ट तुम्ही एवढी वर्षं वाचवलेत, आणि ते मेजावरच्या माणसांच्या पाठींनी भरून दिले. तुम्ही दुष्ट नव्हतात. तुम्ही आळशी होतात, आणि त्याला अनुभव म्हणत होतात."